गाऱ्हाण्यातली माजी ओळ

तो फोन आदी उपडा ठेवा बाई, न्हायतर मी तोंड उगडायची न्हाय. आवाज भरून घ्यायचा म्हणता? काय नको. हातानं लिवा. हां, आता बोलते.

माजं म्हायेर देवरुखाच्या पल्याड, सा पोरी आमी, मी चवथी. बापसानं सतराव्या वरसी मला हकडं संगमेश्वराच्या वरच्या अंगाला दिलंन. हे मुंबयला छापखान्यात, आन् मी हकडं, सासू, दोन गुरं आन् भाताचे तीन कुणगे. लावणी मी केली, कापणी मी केली, झोडणी मी केली, सासूचं हागणं-मुतणं मी काढलं, येक दोन न्हाय, बत्तीस वरसं, काय सांगू तुमाला. हे गणपतीला यायचे आन् शिमग्याला यायचे, की परत गाडीत.

आता आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान ह्यांच्या घराण्याचा. शिमग्याची पालखी दारात आली, नारळ ठेवला, की ह्यांनी हात जोडून देवापुढं मोठ्यानं मागणं मांडायचं, आन् येकेका मागण्याला सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. काय आवाज व्हता ह्यांचा! पल्याडच्या वाडीत आयकू जायचा. घरात हा माणूस मुका, बायकोशी बोलला तर मीठ कमी हाय येवढंच, पण आमच्या दारात पालखी आली की गाऱ्हाण्यात येक ओळ माजी घालायचे. जी मालकीण येकटी घर राखता, तिच्या हाताला यश दे रे म्हाराजा. सगळी वाडी म्हणायची व्हय म्हाराजा, आन् मी पडवीत पदर तोंडाला लावून उभी. त्या येका ओळीवर मी वरीस काढायचे. हसू नका, खरं सांगते.

मंग हे रिटायर होऊन घरी आले. मला वाटलं, आता बोलतील. तर मुलानं फोन आणून दिलान, म्हणे बाबांचा येळ जाईल. येळ गेला, बाबा बी गेले. मुडदा बशिवला त्या फोनाचा! सकाळी चुलीवर पाणी तापायच्या आदी आंगठा चालू, जेवताना ताटात माशी पडली तरी ठाऊक न्हाय. मागं गाय व्यायला लागली, वासराचा पाय आडकलेला, मी गोठ्यातनं बोंबलतेय, आवो या, आवो या, हे वटीवरनं म्हणतात आलो आलो. शेवटी मीच वासरू वडून काढलं आन् रगताचे हात घेऊन बगायला गेले, तर हे फोनात कुणाची तरी म्हस व्यायलेली बगतायत! वर मला म्हणतात, ये गो, बग कशी म्हस हाय.

येकदा मी तो फोन भाताच्या कणगीत पुरून ठेवला. हे घरभर फिरतायत, जेवण न्हाय, पाणी न्हाय. शेवटी शेजाऱ्याच्या फोनावरनं वाजवून काढलानी. कणगी गाणं म्हणाय लागली. आन् हे येकटेच न्हायत, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बगा, पाच म्हातारे, पाच फोन, शबूद न्हाय. पयलं भांडायचे तरी मेले.

गेल्या शिमग्याला पालखी आली. मी आंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. ह्यांना म्हणलं, आवो, तो फोन घरात ठेवा. म्हणाले, बंद हाय. गाऱ्हाणं सुरू केलंनी. गाव राख, गुरं राख, मुंबयला गेलेली पोरं राख, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. माजी ओळ आली. जी मालकीण, म्हणाले, आन् थांबले. आठवंना! बत्तीस वरसं म्हणलेली ओळ, आठवंना! हात खिशावर गेला, बंद कुटला असायला, हात लागल्यावर खिशातनं बाई बोलली, चॅनल आवडलं आसंल तर घंटी दाबायला इसरू नका. आन् वाडीतले बापये डोळे मिटून उभे, सवयीनं वरडले, व्हय म्हाराजा!

ढोलवाले हसून हसून खाली बसले. गावकरी चिडले, त्यांनी मान ह्यांच्या चुलतभावाला दिलानी. मला वाटलं, हे खचतील. कशाचे खचतात! कुणी पोरानं ती गंमत फोनात टिपलेलीन, ती गावोगाव फिरली, आन् हे वटीवर बसून तीच परत परत बगतात. मला हाक मारून म्हणतात, बग गो, मी कसा फेमस झालो. जळ्ळं मेलं ते फेमस! घराण्याचा मान गेला, माजी ओळ गेली, आन् ह्यांना हसू येतं. मुंबयनं नेलेला माणूस वरसातनं दोनदा तरी परत यायचा, बाई. आता हतंच बसलाय आन् येत न्हाय.

काल तिन्हीसांजेला तुळशीपुढं दिवा लावला आन् मीच गाऱ्हाणं घातलं. बायकांनी घालायचं नसतं, तरी घातलं, ह्यांच्याच चालीत, मोठ्यानं. बा देवा म्हाराजा, ह्या घराचा जो घरधनी वटीवर बसून हरवलाय, त्याला घरात आणून घाल रे म्हाराजा.

आन् वटीवरनं आवाज आला, व्हय म्हाराजा.

मी झटकन वळून बगितलं. मान खाली, आंगठा चालू. नुसती तोंडाची सवय. देवानं तरी आयकलं आसंल तर बरं.