कुऱ्हाडीचा कौल

पेठच्या गाडीच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या तृप्तीचे कान पुढच्या दोघांकडे लागले होते. बहिरूबाबा आणि पेठकडच्या त्यांच्याच गावची बायडाबाई.

"लेकीकडं राहणार होता ना, बहिरूदादा?"

"आजाची सागाची खाट नेली, ती फ्लॅटच्या दारात अडकली. जावई म्हणाले, पाय कापा."

"खाटेला न विचारता?"

"छ्या! आजा इंग्रजांच्या ठेकेदाराकडं साग तोडायचा, तरी आधी रातभर झाडाला कुऱ्हाड टेकवायचा. सकाळी उभी दिसली तर झाडाचा होकार. मीबी खाटेला टेकवली. पडली."

"मग?"

"दाराला टेकवली. उभी राहिली. चौकट तोडली."

"जावई काय म्हणाले?"

"रातच्याला गुपचूप माझ्याच पाठीला कुऱ्हाड टेकवली."

"अगं बाई! पडली?"

"पडली असती, तर पेठची गाडी कशाला धरली असती?"