गोलच्या वेळी बर्फावर कोण होतं

काकू आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो, नमस्कार.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. काकूंनी फोनवर एवढंच विचारलं, "मग त्या बर्फाबद्दल कोण बोलणार?" म्हणून उभा आहे. लिहून आणलंय, कारण न लिहिता बोललो तर भलतंच काहीतरी बोलेन. सकाळपासून रेस्टॉरंटच्या किचनमध्ये होतो, तिथून सरळ आलो. कपड्यांना तळणीचा वास येत असेल. सांभाळून घ्या.

या शोकसभेत माझ्याआधी जे बोलले, त्यांचे मधुकाका मला नवीन होते. विमा कंपनीतले मधुकाका. गणपतीचा मांडव घालणारे मधुकाका. नाटकाच्या तालमीला चहा नेणारे. असतील. मी ज्यांना ओळखत होतो ते मधुकाका माकडटोपी घालून, वर मफलर गुंडाळून, काचेमागे बसायचे. आणि समोर बर्फावर धिप्पाड माणसं एकमेकांना कडेच्या लाकडी फळ्यांवर आपटत असायची.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसेल. काका रिटायर झाल्यावर आइस हॉकीच्या टीमची आकडेवारी लिहायला जायचे. पगार घेऊन खेळणाऱ्यांची टीम, पण दुसऱ्या फळीतली. टीव्हीवर दिसत नाही ती. काकांचे शेजारी बिल, पूर्वी बस चालवायचे, ते आकडे लिहिणाऱ्यांच्या टेबलाचे मुख्य. बिल आज इथे आलेत, मागे बसलेत. त्यांना मराठीतलं काही कळत नसणार, पण आलेत.

आणि मला तिथे काकांनी नेलं. मी आठवीत शाळा सोडली. संगमनेरहून निघालो तो मुंबई, दुबई करत इथे. इथेही एका जागी टिकलो नाही. सामान हलवणाऱ्यांकडे होतो, मग पेट्रोल पंपावर, मग किचनमध्ये. काका इथल्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर, आमच्या रेस्टॉरंटच्या काउंटरला पोळ्या घ्यायला यायचे. एकदा म्हणाले, "तुला समोरच्या पाटीवरचा नंबर इथून वाचता येतो?" मी वाचून दाखवला. "शनिवारी काय करतोस?" मी म्हटलं, झोपतो. म्हणाले, "झोप नंतर काढ. स्वेटर आहे का जाड?"

अशी माझी नोकरी लागली.

तर काम काय, ते सांगतो. गोल झाला की तो कुणी मारला, पास कुणी दिला, हे लिहायला दुसरी माणसं असतात. आम्ही दोघं लिहायचो ते वेगळं. गोल झाला त्या क्षणाला बर्फावर कोण कोण होतं. गोलकीपर सोडून दोन्ही टीमचे पाच पाच. ज्यांनी गोल केला त्यांच्या पाचही जणांना एक प्लस. ज्यांच्यावर झाला त्यांच्या पाचही जणांना एक मायनस. काका आपल्या टीमचे पाच लिहायचे, मी पाहुण्यांचे.

आता यात गंमत अशी की ही माणसं खेळ चालू असताना बदलतात. एक जण फळीवरून उडी मारून बाहेर येतो, दुसरा उडी मारून आत जातो. एखादा नुकताच आत गेलेला असतो, अजून त्याने काठीसुद्धा टेकवलेली नसते, आणि मागे गोल होतो. मायनस त्याच्या नावावर. मी काकांना म्हटलं, "हा तर अन्याय झाला." काका म्हणाले, "आपण न्याय द्यायला बसलो नाही. तो होता की नव्हता? होता. लिही."

पहिल्याच दिवशी मी गोल बघितला. असा उडालो खुर्चीतून, टाळ्या काय, ओरडणं काय. काका नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "झालं? पाच कोण होते?" मला एकही सांगता येईना. म्हणाले, "गोल सगळं स्टेडियम बघतं. आपण उरलेल्यांना बघायचं असतं. आणि इथे टाळी वाजवायची नाही. घरी जाऊन वाजव."

काकू, तुम्ही एकदा म्हणाला होतात ते सांगू का? सांगतो. काका थंडीने कुडकुडत घरी आले तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या बाईकडे गेला असता तर निदान उबेत तरी बसला असता हा माणूस." काका म्हणाले, "तिथेही तू डबा दिला असतास." हसा हो. ते असते तर तेही हसले असते.

आता जे सांगायचंय ते सांगतो. इथे बसलेल्यांत हे फक्त काकू, बिल आणि मला माहीत आहे. काकूंना विचारूनच बोलतोय.

काकांच्या डोळ्यांचं काही बरं नव्हतं. कडेचं दिसायचं, मधलं पुसल्यासारखं व्हायचं. पण तरी त्यांचं काम अडलं नाही, कारण ते नंबर बघायचेच नाहीत. आपण लांबून आपल्या माणसाला चालीवरून ओळखतो की नाही? तसे ते खेळाडू ओळखायचे. कोण वाकून स्केट करतो, कोण काठी खाली धरतो, कोण वळताना खांदा टाकतो. इतकी वर्षं बघून बघून ते पाठ झालं होतं. मला वाटायचं, केवढं हे कौशल्य. ती मुळात गरज होती हे मला फार उशिरा कळलं.

एका हिवाळ्यात आमच्याकडे एक नवीन मुलगा होता. सव्वीस नंबर. कॅनडातल्या कुठल्या तरी लहान गावचा, माझ्याच वयाचा. बचाव खेळायचा. टीम त्याला ठेवणार की खालच्या लीगमध्ये पाठवणार, हे अजून ठरत नव्हतं. आणि एक जुना होता, चौदा नंबर. दोघं ठेंगणे, दोघं डावरे. फरक एवढाच, की चौदा लांब ढांगा टाकायचा आणि सव्वीस तोकड्या.

मग चौदाचा गुडघा दुखावला. काही आठवडे तो बाहेर बसला. परत आला तो तोकडी पावलं टाकत.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका गेमनंतर सव्वीस आमच्या टेबलाशी आला. हेल्मेट हातात, केस घामाने चिकटलेले. शीट दाखवून बिलना म्हणाला, "सर, या दोन गोलांच्या वेळी मी बेंचवर होतो." बिल हसले. म्हणाले, "बाळा, मायनस मिळालेला प्रत्येक जण बेंचवरच असतो." आणि ते खरंच आहे, सगळे तसंच म्हणतात. मीसुद्धा हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "येतोस का? टेप आणलीय." गेलो. काका टीव्हीला नाक लावून बसलेले. काकू मागून म्हणताहेत, "अहो, आत शिराल." त्यांनी टेप मागे घेतली, थांबवली, आणि मला म्हणाले, "हा कोण?" मी म्हटलं, "चौदा." "पुन्हा बघ." "काका, चौदा. पाठीवर दिसतंय." दुसरा गोल लावला. तिथेही चौदा. मग त्यांनी आधीच्या गेमची टेप लावली. मी म्हटलं, "आता कशाला?" म्हणाले, "लागली आहे तर बघू." त्यातही असा एक मायनस निघाला.

टीव्ही बंद केला त्यांनी. मग म्हणाले, "मी चालीवर गेलो रे. त्याची चालच बदलली होती."

मी म्हटलं, "काका, राहू द्या. दुसऱ्या फळीतली टीम, तिचे मायनस कोण बघतंय?"

काका म्हणाले, "त्याचा कोच बघतोय. त्याला कोण ओळखतं इथे? या कागदावरच ओळखतात. आणि कागद मी न बघता लिहिलाय."

मी म्हटलं, "मग बिलना सांगा, माझी चूक झाली म्हणून. कशी झाली ते नका सांगू. तुमची जागा जाईल."

त्यावर काकू बोलल्या. आठवतंय काकू? तुम्ही म्हणालात, "त्याचं बरोबर आहे, तेवढं सांगून मोकळे व्हा." ती जागा त्यांच्यासाठी काय होती, ते तुम्हाला माहीत होतं. तो गारठा, ती खुर्ची, खेळाडू त्यांना प्रोफेसर म्हणायचे ते. रिटायर झालेला माणूस शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा. जायला त्यांच्याकडे एवढं एकच ठिकाण होतं.

काका म्हणाले, "चूक झाली एवढंच सांगितलं तर पुढच्या शनिवारी मी परत तिथे बसणार. परत चालीवर जाणार."

सोमवारी त्यांनी बिलना सांगितलं. मी सोबत होतो. म्हणाले, मला नंबर दिसत नाहीत. गेला सीझनभर दिसत नाहीत. बिलनी आधी त्यांना चेष्टा करताय का असं विचारलं. मग दुरुस्तीचा कागद पुढे ओढला. दुरुस्ती लीगला गेली, मान्य झाली. सव्वीसच्या नावावरचे मायनस निघून चौदाच्या नावावर गेले. चौदा आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. बिल काकांना म्हणाले, दारावर तिकिटं बघ, संध्याकाळ तर जाईल. काका म्हणाले, "तिकिटावरचाही नंबरच असतो."

आणि सव्वीसचं काय झालं?

टीमने सोडला त्याला. दोन आठवड्यांनी. कोच म्हणाले, ते मायनस नसते तरी सोडलाच असता, पाय जड आहेत. जाताना तो सामानाची पिशवी आणि काठ्या घेऊन टेबलाशी आला, काकांची चौकशी केली. मी सांगितलं, घरी आहेत. तो म्हणाला, "त्यांना थँक यू सांग." बस. तेवढंच.

मला फार राग आला होता, खरं सांगतो. काकांची जागा गेली, त्याचीही गेली, मग मिळवलं काय? काकांना तसं म्हटलंही. मी दमलो होतो. सगळीकडे हेच बघून दमलो होतो. काका म्हणाले, "त्याचं गेलं ते त्याच्या पायांनी गेलं. माझ्या डोळ्यांनी नाही गेलं. हे कमी आहे का?" तेव्हा मला ते कमीच वाटलं होतं. अजूनही काही दिवशी कमीच वाटतं.

सव्वीसला दक्षिणेकडे अजून खालच्या लीगमधली एक टीम मिळाली. त्यांचे आकडे वेबसाइटवर येतात. काकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मला फोन. मी किचनमधून ब्रेकमध्ये लायब्ररीत जायचो, कॉम्प्युटरवर बघायचो आणि वाचून दाखवायचो. खेळला की नाही. गोल. पास. प्लस, मायनस. काका "हं" म्हणायचे. बाकी काही नाही. मी पुढच्या महिन्यात इथून लांब, प्लेनो शहरात चाललोय, तिथे एका किचनमध्ये काम मिळालंय, तेही त्यांना असंच फोनवर सांगितलं. म्हणाले, "जा. तिथेही वेबसाइट दिसत असेल."

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी शेवटचा फोन झाला. मी वाचलं, "काल खेळला. गोल नाही, पास नाही. मायनस एक."

काकांनी विचारलं, "होता का तो बर्फावर?"

मी म्हटलं, "मला कसं कळणार, काका? मी तिथे थोडाच होतो? लिहिलंय तसं."

मग म्हणाले, "कुणीतरी बसलं असेल ना तिथे. त्याने नीट बघितलं असेल, असं धरू."

आणि फोन ठेवला.

मित्रांनो, माझं बोलून झालं. काकांसाठी आता थोडा वेळ उभं राहू या. कुणी काही बोलू नका. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. उघडे ठेवलेत तरी चालेल.