गार असताना बघ

ताई : लाव हात बॉनेटला. गार आहे ना?

भाऊ : गार आहे, ताई.

ताई : काल दुपारपासून हलवली नाही मी. तुला थंडच पाहिजे होती ना, घे.

भाऊ : मी तेव्हाच म्हटलं होतं, एक रात्र गॅरेजवर ठेवून जा. बारा किलोमीटर चालवत आणतेस, इंजिन तापलेलं असतं. तापलेली गाडी एका झटक्यात सुरू होते. त्यात मी शोधणार काय?

ताई : ठेवून जा म्हणे. दिवसाआड सकाळी सहाला बाबांचं डायलिसिस. त्यांना काय पाठुंगळी मारून नेऊ?

भाऊ : तसं नव्हतं म्हणायचं मला.

ताई : काय म्हणालास ते मी सांगते. पहिल्या खेपेला प्लग बदललेस. दुसऱ्या खेपेला बॅटरी. तिसऱ्या खेपेला म्हणालास, ताई, तुला चावी मारता येत नाही, तू उगाच ॲक्सिलरेटर दाबतेस. कामगारांसमोर म्हणालास. हसले ते.

भाऊ : चुकलं माझं.

ताई : सोमवारी पंचवीस मिनिटं चावी मारत होते. बाबा शेजारी बसलेले, पट्टा लावून, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. रिक्षा करून पोचलो तोवर त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं. उद्या या म्हणाले. संध्याकाळी छातीत पाणी झालं त्यांच्या. दोन दिवस आयसीयूत होते. काल कुठे वॉर्डात आणलंय.

भाऊ : मला फोन करायचास.

ताई : केला. दोनदा. सकाळी सहाला तुझा फोन बंद असतो.

भाऊ : आत बस जरा. नुसती चावी फिरव, सेल्फ मारू नकोस. मी हा स्कॅनर जोडतो स्टिअरिंगखाली.

ताई : आणखी काय खेळणं आणलंस?

भाऊ : गाडीला स्वतःबद्दल काय वाटतंय ते यावर दिसतं. थांब. हे बघ. इंजिनचं तापमान, एक्क्याऐंशी डिग्री.

ताई : आत्ता तर गार म्हणालास.

भाऊ : गारच आहे. तापमान सांगणारा सेन्सर बिघडलाय, आकडा तिथेच अडकून बसलाय. थंड इंजिनाला सुरू होताना पेट्रोल जास्त लागतं. हा सांगतोय की इंजिन गरम आहे, म्हणून गाडी बेताबेतानं सोडते. मग सकाळी उठणार कशी? माझ्याकडे येईपर्यंत इंजिन खरंच तापायचं, मग आकडा बरोबरच वाटायचा.

ताई : किती वेळ लागला हे कळायला?

भाऊ : ताई, जाऊ दे ना.

ताई : किती वेळ, विचारतेय मी.

भाऊ : दोन मिनिटं.

ताई : आणि इथे यायला दोन वर्षं.

भाऊ : या दारात पाऊल टाकू नकोस, हे बाबांचे शब्द आहेत. माझे नाहीत.

ताई : गॅरेज टाकायला चांगली नोकरी सोडलीस, तेव्हा रागाच्या भरात बोलले. तू ते उराशी धरून बसलास. कोपऱ्यावर गॅरेज आहे ते दिसलं येताना? चालत चार मिनिटं. पहिल्याच दिवशी तिथे टाकणार होते गाडी. बाबांनी टाकू दिली नाही. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये म्हणाले. तिन्ही वेळा तुझ्याकडे पिटाळलं मला. आणि परत आले की विचारायचे, वाळला तर नाही ना तो?

भाऊ : हे मला कधी बोलली नाहीस तू.

ताई : बाबा कसे आहेत, एवढं विचारलं असतंस तर बोलले असते. तुझं सगळं लक्ष प्लगमध्ये.

भाऊ : मी या सेन्सरची पिन काढतो. मग गाडी त्याचं ऐकणार नाही, अंदाजानं पेट्रोल देईल. आता मार सेल्फ.

(गाडी पहिल्याच झटक्यात सुरू होते.)

ताई : झाली.

भाऊ : पंखा सारखा फिरत राहील, घाबरू नकोस. नवा सेन्सर दुपारी आणतो. इथेच बसवतो.

ताई : माझा राग गेलेला नाही, सांगून ठेवते.

भाऊ : एवढ्यात जाऊही नये. भेटायची वेळ काय आहे तिथे?

ताई : दहा.

भाऊ : मी आलेलं चालेल त्यांना?

ताई : ते मला विचारू नकोस. आधी आत जाऊन हात धू. बाथरूममध्ये साबण आहे.

भाऊ : माझ्या हातांचं ऑइल नुसत्या साबणानं निघत नाही. टॉवेल काळा होईल.

ताई : दारामागे बाबांचा आहे. तोच घे.