चार सेकंदांची जागा

शाळेतली नोकरी सोडून कॉम्प्युटरच्या कंपनीत जाऊ का, असं विचारतोयस ना, मग चहा संपेपर्यंत माझं ऐक. मी सायखेड्याच्या शाळेत गणिताचा कायम शिक्षक होतो. नाशिकच्या एका कंपनीला धड्यांच्या सीडी काढायच्या होत्या, त्यांनी मला बोलावलं. बायको म्हणाली, "अहो, पेन्शनची नोकरी आहे." मी म्हणालो, "अगं, पुढचा जमाना यांचाच आहे." आणि राजीनामा देऊन आलो.

स्टुडिओतल्या मॅडम रोज बजावायच्या, "सर, 'समजलं का?' म्हटल्यावर चार सेकंद थांबा. मुलांना उत्तर द्यायला जागा हवी." मी कॅमेऱ्यामागच्या भिंतीकडे बघून हसत थांबायचो.

तीन वर्षांत कंपनी बंद पडली. मग काही वर्षं शिकवण्या घेतल्या, केस पिकले. शेवटी नांदगावकडच्या एका शाळेत तासिकेवर लागलो. पहिल्याच दिवशी हेडसर म्हणाले, "तुम्हाला फार शिकवायचं नाही. सीडी लावायची आणि वर्ग शांत ठेवायचा."

सीडी लावली, तर टीव्हीवर मीच. काळे केस, इस्त्रीचा शर्ट. अपूर्णांक संपवून तो म्हणाला, "समजलं का?" आणि हसत थांबला. अख्खा वर्ग त्याच्याकडे बघून म्हणाला, "हो सर."

मला राहवेना. फळ्याजवळ जाऊन मी खडू उचलला. मागून एक मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, जरा बाजूला व्हा ना. सर दिसत नाय."