छावणीतली शाळा अन् मुडबीच्या पोरी

जमलेल्या सगळ्या अण्णांनो, अक्कांनो, अन् माझ्या पोरींनो,

बोलायला उभी राहिलेय. चुकतमाकत बोलेन, सांभाळून घ्या. मी सुभद्रा. याच शाळेत शिकले, अन् आता याच शाळेत पाचवीला शिकवते. परवा गेलेल्या यमुनाबाई माझ्या बाई. माझ्या एकटीच्या कुठल्या, इथं बसलेल्या निम्म्या बायकांच्या त्या बाई. मादन हिप्परग्याहून नोकरीला आल्या, अन् रिटायर झाल्यावर बी मुडबीतच राहिल्या.

त्यांची थोरवी सांगायला मी उभी न्हाई. त्यांचं एक काम अर्धं राहिलंय, ते तुमच्यापुढं ठेवायचंय. सहावीतली एक पोरगी दीड महिना झाला घरी बसलीय. तिला शाळेत परत आणायचंय.

बाईंचा ट्रान्झिस्टर तुम्हाला म्हाईत हाय. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या बाई. उर्दू बातम्या ऐकायच्या, अन् प्रार्थना झाली की आम्हाला आपल्या मराठीत सांगायच्या. त्यात पॅलेस्टाइनची बातमी असली की त्यांचा आवाज बदलायचा. घरातून हाकलून दिलेली माणसं, त्यांच्या छावण्या, तिथली लेकरं. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, ‘बाई, मुडबीच्या हिरीला पाणी न्हाई, अन् तुमाला कुठल्या मुलखाची चिंता?’ बाई म्हणायच्या, ‘हिरीचं बी बघू. पण ऐकलेलं न ऐकल्यावानी कसं करू?’

मी शाळेत कशी आले ते सांगते. सदुसष्ट साली जूनमध्ये तिकडं लढाई झाली. आपली शाळा नुकतीच उघडली होती. माझं नाव चौथीतूनच काढलेलं. अकरा वर्षांची मी, रानातल्या वस्तीवर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरायची. एका सकाळी बाई कोसभर चालत वस्तीवर आल्या. तोंड उतरलेलं, डोळे लाल. आमच्या अप्पांनी विचारलं, ‘काय झालं बाई?’ बाईंना हुंदका आवरेना. एवढंच म्हणाल्या, ‘शाळा पडली अप्पा. पोरी उघड्यावर बसल्यात.’

अप्पांनी पुढचं ऐकलंच न्हाई. गडबडीचा माणूस. बांधावर उभं राहून हाका मारल्या, शेजारच्या रानातली माणसं गोळा केली. फावडी, टोपली, दोन वासे गाडीत टाकले, अन् आम्हा दोघा लेकरांना बी वर बसवलं. पेरणीचे दिवस, तरी माणसांनी औतं सोडली. बाई मागून सांगायल्या, ‘थांबा, ऐका तरी.’ पण ऐकतंय कोण. गाडी इथं, या अंगणात आली, तर शाळा जागच्या जागी उभी. पोरी आत पाढे म्हणायल्या होत्या. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायली.

अप्पा चिडले. ‘कामून खोटं बोललाव बाई? पेरणी टाकून आलोय आम्ही.’ बाई या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, ‘खोटं न्हाई अप्पा. पडलेली शाळा समुद्रापल्याडची हाय. छावणीतली. मी अर्धंच सांगितलं, अन् तुम्ही अर्धंच ऐकलं.’ मग त्यांनी सगळं सांगितलं. पेरणीची घाई, तरी एक माणूस हलला न्हाई. शेवटी अप्पा म्हणाले, ‘तिथवर काही आमची गाडी जायची न्हाई. मग आम्ही काय करावं म्हणता?’

बाई म्हणाल्या, ‘तिथल्या पोरीला शाळेत बसवणं माझ्या हातात न्हाई. तुमची पोरगी द्या.’

अप्पांनी विचारलं, ‘अन् हे लहानगं कुणी धरायचं?’ बाई म्हणाल्या, ‘त्याला बी आणा.’ अप्पांनी मला अन् भावाला गाडीतून खाली उतरवलं. तशी मी शाळेत आले. माझा भाऊ तर नाव घालायच्या आधीच दहापर्यंतचे पाढे म्हणायला लागला होता.

तेव्हापासून बाईंनी तेच धरलं. तिकडची वाईट बातमी ऐकली की पायात चप्पल घालायच्या अन् कुणाच्या तरी दारात जाऊन उभ्या राहायच्या. कुणी चहा पाजला, कुणी शिव्या दिल्या. तुमच्यापैकी काहींनी दिल्यात, मी नावं घेत न्हाई. आणलेली पोरगी लिहायला लागली की तिचं पहिलं पोस्टकार्ड दिल्लीला, सरकारच्या नावानं. त्या लेकरांच्या बाजूनं बोला, एवढंच त्यात लिहायचं. एकाचं बी उत्तर आलं न्हाई.

एकदा मी वैतागले. म्हणाले, ‘बाई, याचा तिथल्या लेकरांना काय उपयोग?’ बाई म्हणाल्या, ‘कदाचित काहीच न्हाई. तुला खोटं कामून सांगू? पण रोज ऐकायचं अन् नुसतं बसून राहायचं, हे माझ्यानं होत न्हाई. तसं केलं तर एक दिवस रेडिओच बंद करावा वाटंल. ते होऊ द्यायचं न्हाई.’

अन् शेवटी तेच झालं. गेल्या महिन्यात लेबनानमधल्या छावण्यांची बातमी आली. बायका मारल्या, लेकरं मारली. मी भेटायला गेले तर बाई भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. ट्रान्झिस्टर बंद. म्हणाल्या, ‘सुभद्रा, इतकी वर्षं ऐकायलेय. एक माणूस घरी परत गेला न्हाई. दमले गं.’

मी चहा केला. त्यांनी घेतला न्हाई. खरं सांगते, मला राग आला. मारणाऱ्यांचा आला, अन् बाईंचा बी आला. मी म्हणाले, ‘मला गाडीतून खाली उतरवून घेतलंत, अन् आता तोंड फिरवता? तुम्ही दमलात तर मी कुणाकडं बघू?’ उभ्या जन्मात त्यांना असं बोलले नव्हते. आता आठवलं की जीव तुटतो.

बाई उठून बसल्या. विचारलं, ‘सध्या कोण घरी बसलीय?’ मी म्हणाले, ‘शिवराम अण्णांची महानंदा.’ म्हणाल्या, ‘चप्पल दे.’ उंबऱ्यापर्यंत आल्या, अन् पाय लटपटायला लागले. तिथंच बसल्या. म्हणाल्या, ‘मला चालवत न्हाई. तू जा.’

मी गेले न्हाई. बाईंना दवाखान्यात ठेवलं, त्यात वेळ गेला हे खरं. पण मला धीर झाला न्हाई, हे बी खरं. बाई गेल्या, अन् मी अजून गेलेली न्हाई. म्हणून आज इथं बोलायलेय.

कुणीतरी कालच मला म्हणालं, आता त्या बातम्या पोरींना सांगू नका, बाईंबरोबर ते संपलं. संपलं न्हाई. तिथलं संपलंय का? उद्या प्रार्थना झाल्यावर बातमी मी सांगणार. मला बाईंएवढी उर्दू येत न्हाई. मराठी बातम्या ऐकेन अन् सांगेन. पोस्टकार्डं बी जातील. उत्तर आलं न्हाई तरी जातील.

शिवराम अण्णा, तुम्ही मागं दाराजवळ बसलाव, मला दिसतंय. भर सभेत नाव घेतलं, राग मानू नका. वैनींचं बाळंतपण झालंय, रानात उडदाची रास चाललीय, लेकराला धरायला घरात दुसरं कुणी न्हाई. सगळं म्हाईत हाय मला. महानंदाला बाळ घेऊनच येऊ द्या. झोळी मी माझ्या वर्गात बांधते. रडलं तर मी घेईन, पण पोरीला बाकावर बसू द्या.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं गप्प राहू. बाईंसाठी, अन् ज्यांची नावं बाईंना शेवटपर्यंत कळली न्हाईत त्या लेकरांसाठी. अण्णा, तुम्ही तेवढ्या वेळात विचार करा. दोन मिनिटं झाली की मी भाषण करणार न्हाई. तुमच्याकडं बघणार हाय.