खिडकीची सीट

...न्हाई, तुम्हीच सांगा, भिंतीला खिडकी म्हणतात का? म्हणतात का कुठं? तुम्हाला सांगतो, कलबुर्गी ते बेंगळुरू, तासाभराचं विमान, नातीचं बारसं, जावई फोनवर विचारायलाय, "मामा, सीट कुठली घेऊ?" मी म्हणलो, खिडकीची! कारण काय, आमचं गाव करजगी, चाळीस वर्षं भीमेचं पाणी उसाला पाजलोय, पण ती नदी अख्खी कशी दिसती, कुठून वळती, एकदा तरी वरून बघावं का न्हाई माणसानं? त्यात शेजारचे गुरुपादय्या! विमानात बसलेत एकदाच, पण बोलणं असं की जणू तेच चालवत नेलते... "शिवशरणण्णा, उजवी बाजू घ्या, डावीकडं ऊन येतंय डोळ्यावर!" घेतली उजवी.

निघताना आमची निलम्मा, कधी काही न मागणारी बाई, हळूच म्हणली, "वो, जरा वेळ मला बसू द्या की खिडकीला." मी म्हणलो, "तुला काय कळतंय त्यातलं?" ...म्हणलो खरं. आता तुमच्यापासून काय लपवू?

आत गेलो, नंबर शोधलो, बसलो, उजवीकडं मान वळवलो... अन् भिंत! पांढरी, गुळगुळीत भिंत! पुढच्याला खिडकी, मागच्याला खिडकी, मधी मी! हात फिरवून बघितलो, कुठं सरकती का. तेवढ्यात विमानातली पोरगी आली, गोड आवाज काढून म्हणती, "सर, ही विंडो सीटच आहे. फक्त विंडो नाही." ऐकलात? फक्त विंडो न्हाई! उद्या कोणाला जेवायला बोलवा अन् सांगा, जेवणच हाय, फक्त भाकरी न्हाई! खिडकी पाहिजे होती न्हाई का? घे खिडकी!

अन् पलीकडच्या खिडकीतले एक साहेब गुडघा चोळत, माझ्या शेजारी वाटेकडच्या सीटवर बसलेल्या निलम्माला म्हणले, "अक्का, मला पाय लांब करायचाय, तुम्ही माझ्या जागी बसता?" मी तोंड उघडेपर्यंत ती जाऊन बसली पण! साहेब माझ्या शेजारी, पाय लांब. एकीकडं भिंत, एकीकडं साहेबांचा गुडघा!

विमान उडालं अन् तिकडून सुरू... "अय्यो, शेतं बघा वो, पापड वाळू घातल्यावानी!" मी मान लांब केलो. "वो, नदी आली! भीमाच असंल! केवढी वाकडी जायलीय!" मी बेल्ट सोडून अर्धा उठलो. "सर, प्लीज बसा!" बसलो. "मधी वाळूचं बेट हाय वो!" परत उठलो. "सर!" बसलो. नदी माझी, पाणी पाजलो मी, अन् बायको तिचं वर्णन अख्ख्या विमानाला सांगायलीय! खिडकी पाहिजे होती न्हाई का? घे खिडकी!

बारसं झालं. चार दिवस ती नात दिवसा झोपायची अन् रात्री आम्ही आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसायलो. डोळे नुसते चुरचुरायलेत. परतीला जावयानं खात्री करून सीट घेतली. खरी खिडकी, काचेची! मला जरा लाज वाटली, निलम्माला म्हणलो, "तू बस." ती म्हणली, "मी बघितले की. तुम्ही बसा, तुमची नदी हाय." बसलो. काचेला नाक लावलो. ढग आले, पांढरे, मऊ... एवढं आठवतंय. त्याच्या पुढचं आठवतंय ते चाकं जमिनीला धाडकन् टेकल्याचं! झोपलो होतो वो! खालून अख्खी भीमा गेली अन् मी घोरायलो!

निलम्मावर असा भडकलो, "अगं, जागी होतीस न्हाई? मग कामून उठवली न्हाईस?"

ती पायाखालची पिशवी ओढत, शांतपणे म्हणली, "उठवणारच होते. पण लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही तासभर कोणाला काही सांगितला न्हाई. म्हणलं, राहू दे... लई बरं वाटायलं होतं."

आता बोला! दुसरी पिशवी उचललो अन् तिच्या मागं चालू लागलो.