तळहात कोरे होते

सुनंदावहिनी, मित्रहो,

शब्दांवर पोट भरणारा वार्ताहर मी, पण आज दिगंबरच्या शोकसभेत जीभ उचलत नाही. तरी गप्प बसलो तर दिगंबरवर खोटा ठपका कायमचा बसेल. म्हणून बोलतो.

पुंडलिकनगरात आम्ही वीस वर्षं शेजारी. कारखान्यांतली वीजयंत्रणा तपासायची आणि आग कुठं लागेल ते आधी सांगायचं, हे त्याचं काम. मी चिडवायचो, "अशुभ बोलून मान मिळवणारा तू एकटाच." मी संस्कृत शिकलेला, म्हणून तो म्हणायचा, "शास्त्रीबुवा, तुमच्या संस्कृतात अग्नी म्हणजे पावक ना? माझ्या विजेच्या पॅनेलमधला पावक एकदा बघाच."

परवा चितेगावच्या कारखान्यात तो पावक बाहेर आला. स्फोटानं पॅनेलचं दार उडालं. वितळलेलं तांबं अंगावर आलं. चष्मा गालात रुतला. शर्ट कातडीसकट सुटला. वहिनी, माफ करा. हे सांगणं भाग आहे.

कारण कंपनी म्हणते, त्यानं चालू पॅनेलमध्ये हात घातला.

हात? दिगंबरनं? पॅनेलसमोर तो दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहायचा. "आधी कान, मग नाक, मग डोळे. हात सगळ्यात शेवटी, तोही वीज बंद करून." लग्नाच्या पंगतीतही तसाच उभा! मी म्हणायचो, "अरे, जिलबीत करंट नाही."

दवाखान्यात मी त्याला पाहिलं. चेहरा जळालेला. छाती जळालेली. तळहात कोरे. मित्रहो, तळहात कोरे होते.

मग घडलं काय? खंडेनवमीला पॅनेलची पूजा झाली. तारेत ओवलेला झेंडूचा हार आतच टांगला. 'हार काढा' असं दिगंबरनं मागच्या खेपेला लिहून दिलं होतं. हार तिथंच. पॅनेल तापतं म्हणून दार सताड उघडं, पुढं टेबलफॅन. फोरमन नामदेवराव मागं बसलेत. त्यांनीच काल मला सांगितलं, आणि इथं सांगायची मुभाही दिली:

"साहेब आल्यालं दिसलं, तसं म्या घाईनं दार आदळलं. हाराची तार आत पडली आन् धडाका झाला. देवाचा हार, काढावा कसा? हात नाय घातला हो त्यांनी."

नामदेवराव, हेच पोलिसांपुढं सांगाल?

'हो' म्हणून मान हलवलीत. सगळ्यांनी पाहिलं.

आता उभे राहू या. त्याच्यासारखे. हात पाठीमागं, कान उघडे. डोक्यावरचा तो पंखा कुरकुरतोय, ऐकलंत? दिगंबरनं आधी तोच थांबवला असता.

बंद करा तो. हं. आता शांतता.